'मर्दानी', 'वीरांगना' की नुसतीच 'शूर'?

२०१७ साली आलेल्या 'वंडर वुमन'वर चाहत्यांनी मराठीत जे काही लिहिलंय ते परवा सलग वाचून काढलं. कौतुक भरभरून, पण शब्द सगळे परक्या घरचे. 'काय मर्दानी बाई आहे', 'मर्दुमकी गाजवली', 'पुरुषांना लाजवेल असा पराक्रम'. सिनेमात डायना, म्हणजे वंडर वुमन, ज्या बेटावर वाढते तिथे पुरुष औषधालाही नाही. तिच्या मावशीने, अँटिओपीने, तिला तलवार शिकवली. मग हे मर्दपण तिच्यात आलं कुठून? बाईच्या शौर्याला मराठीत धड शब्द आहे का? 'नायिका' कृपया सुचवू नका. संस्कृत काव्यशास्त्राने नायिकेचे जे आठ प्रकार केले ते सगळे प्रियकर जवळ आहे, गावाला गेलाय, रुसलाय की फसवून गेलाय यावर ठरतात. 'हिरोईन'चंही तेच, ती हिरोसोबत येते.

प्रतिसाद

वीरांगना. रुळलेला शब्द आहे, अर्थ सगळ्यांना कळतो. विषय संपला.

प्रतिसाद

इतक्या लवकर नाही संपत. 'वीरांगना'मधली 'अंगना' म्हणजे नुसती स्त्री नव्हे. जिचे अंग, म्हणजे अवयव, सुरेख आहेत ती अंगना. म्हणजे शौर्याची नोंद करतानाही बांधा बघून झालेला आहे! (शिवाय एक वेलांटी चुकून काना पडला की काय होतं ते इथे लिहायला नको.)

गंमत अशी की या पात्राभोवतीचा वाद नेमका इथेच घुटमळतोय. संयुक्त राष्ट्रांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये वंडर वुमनला स्त्रिया आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद दूत नेमलं. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी विरोध केला. अशक्य बांध्याची, तोकड्या कपड्यांतली गोरी बाई मुलींपुढे आदर्श म्हणून कशाला, असा त्यांचा सवाल होता. दोन महिन्यांच्या आत ती नेमणूक आटोपली. सिनेमा आल्यावर दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन म्हणाले की हे एक पाऊल मागे आहे, ही तर नटवून ठेवलेली बाहुली. त्यांना त्यांच्या 'टर्मिनेटर'मधली सारा कॉनर पुढची वाटते, कारण ती राकट आहे, खचलेली आहे, आई म्हणूनही कमी पडते. 'वंडर वुमन'ची दिग्दर्शिका पॅटी जेंकिन्सचं उत्तर मला पटलं. ताकदवान ठरण्यासाठी बाईने कायम कठोर आणि राकटच असायला हवं असेल, तर आपण फार काही पुढे आलेलो नाही, असा त्याचा आशय होता.

आता हेच शब्दांना लावा. 'वीरांगना' म्हणणारा तिचं अंग बघतो, 'मर्दानी' म्हणणारा तिला पुरुष करून मगच शाबासकी देतो. मधली जागा रिकामी.

प्रतिसाद

'मर्दानी'वर एक पुरवणी. हा शब्द 'महिषासुरमर्दिनी'शी जोडून 'मुळात देवीचाच शब्द आहे' असं बरेच जण ठोकून देतात. नाही. मर्दिनी संस्कृत मृद् धातूवरून, चिरडणारी. मर्दानी फारसी मर्दवरून. कानाला सारखे वाटले तरी नातं काही नाही.

मर्दुमकीला मात्र थोडी सूट द्या. फारसीत मर्दुम म्हणजे माणसं, लोक. उर्दूत जनगणनेला मर्दुमशुमारी म्हणतात, आणि तीत बायकाही मोजतातच.

प्रतिसाद

मला या निमित्ताने 'हातात बांगड्या भरल्यात का?' या वाक्प्रचाराबद्दल बोलायचंय. भित्र्या पुरुषाला हिणवायचं तर बांगड्या. लंडनच्या गल्लीतला प्रसंग आठवा. स्टीव्ह, म्हणजे तिचा साथीदार आणि पुढे प्रियकर, डायनाला मागे सारून पुढे होतो, समोरून गोळी सुटते आणि ही मनगट मध्ये घालते. गोळी तिच्या कड्यावर आपटून बाजूला जाते. चेहऱ्यावर थोडं आश्चर्य, बस. माझ्या शेजारची मुलगी तेव्हा पुटपुटली, 'भरल्यात की बांगड्या.' सिनेमावरची याहून नेमकी प्रतिक्रिया मी वाचलेली नाही.

पण मूळ कथा इतकी सरळ नाही. विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी १९४१ मध्ये कॉमिक्समध्ये हे पात्र आणलं, तेव्हा ती कडी अ‍ॅमेझॉन बायकांच्या, म्हणजे डायनाच्या बेटावरच्या लढवय्या स्त्रियांच्या, गुलामीची आठवण होती. हर्क्युलिसने त्यांना साखळदंडात टाकलं होतं, ते विसरू नये म्हणून घालायची. एखाद्या पुरुषाने ती कडी साखळीने जोडली तर तिची ताकदच जायची. म्हणजे तिथेही बांगडी आधी बेडी होती, ढाल ती वापरणारीने केली.

प्रतिसाद

बांगड्यांचं छान. पण या सिनेमाला लोक सरसकट 'स्त्रीवादी' म्हणतात, त्याला माझा आक्षेप आहे. बाई मध्यभागी असली की सिनेमा स्त्रीप्रधान होतो. स्त्रीवादी व्हायला बाईच्या स्थितीबद्दल त्याने काही म्हणायला लागतं. मला हा पहिल्या गटातला वाटतो. शेवटी तिला बळ मिळतं ते स्टीव्हच्या प्रेमातून, म्हणजे पुन्हा तुमच्या त्या आठ नायिकांच्या रांगेत!

त्याच्याभोवती जे घडलं ते मात्र खासच. ऑस्टिनच्या एका चित्रपटगृहाने फक्त बायकांसाठी खेळ ठेवला, तर काही पुरुषांनी भेदभाव भेदभाव म्हणून गळा काढला.

प्रतिसाद

आक्षेप अर्धा मान्य. शेवट खरंच ढिला आहे. पण पहिल्या महायुद्धाच्या खंदकातला प्रसंग कुठे ठेवणार? स्टीव्ह सांगतो, ही 'नो मॅन्स लँड' आहे, कुठलाही पुरुष ती ओलांडू शकत नाही. ती शिडी चढून वर येते आणि चालू लागते. कित्येक बायकांनी लिहिलंय की इथे रडू का फुटलं ते कळलंच नाही. खरं तर त्या शब्दातला 'मॅन' म्हणजे कुणीही माणूस. कुणाच्याच ताब्यात नसलेली जमीन एवढाच अर्थ. सिनेमाने तो मुद्दाम शब्दशः घेतला. मराठीत ही कोटी उतरत नाही. 'निर्मनुष्य' म्हटलं तर बाईसुद्धा बाद होते.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार. मी आता साधं 'शूर' वापरणार. शूर मुलगा, शूर मुलगी, विशेषण जागचं हलत नाही. 'पराक्रमी'ही तसंच. 'सुपरहिरो'ही तसाच ठेवेन, 'ती सुपरहिरो आहे' म्हटल्याने काही अडत नाही.

मात्र 'खमकी' कुणीच कसा सुचवला नाही? 'खमक्या' आहे, पण कानावर जास्त पडते ती खमकीच. फक्त त्यात भांडखोरपणाची छटा आहे का, यावर आमच्या घरातच एकमत होत नाहीये. तुमच्याकडे कसा वापरतात?