आयजीझेडओ पॅनेलला रेघ येत नाही, हे खरं का?

कोथरूडचे_काका: घरच्या ४३ इंची फोरके टीव्हीवर गणपतीत एक उभी रेघ आली, दिवाळीपर्यंत तीन झाल्या. तपकीर गल्लीत चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "काका, तुमचं पॅनेल साध्या सिलिकॉनचं. आता आयजीझेडओ घ्या, त्याला रेघ येतच नाही." नवा टीव्ही नऊ हजारांनी महाग. मी बँकेतून निवृत्त. व्याजाचा दर कळतो, हे प्रकरण नाही.

सोल्डरगन: काका, नऊ हजार खिशातच ठेवा. २२ वर्षं पॅनेलं उघडतोय. रेघेचा ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे प्रत्येक ठिपक्यामागच्या बारीक स्विचच्या, मालाशी क्वचितच संबंध असतो; तो माल सिलिकॉन असो की आयजीझेडओ. काचेच्या कडेला पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आम्ही टॅब म्हणतो. प्रत्येकीवर एक चिप, तिच्यातून शेकडो बारीक तारा काचेवर उतरतात. दमट हवेने, उष्णतेने ते चिकटवलेलं सुटलं की त्या तारेचा अख्खा रकाना गेला. पावसाळा सरला की असे टीव्ही माझ्याकडे रांगेने येतात. ट्रान्झिस्टर मेला तर फक्त एक ठिपका जातो, आणि तुमच्या पॅनेलवर ते जवळपास अडीच कोटी आहेत.
टीव्ही चालू ठेवून रेघेच्या टोकाला, चौकटीवर अंगठ्याने हलकेच दाबा. रेघ लुकलुकली तर टॅब. जोर लावू नका, काच तडकली तर शिव्या मला पडतील.

फिजिक्सवाली_औंध: दुकानदार निव्वळ थापा मारत नाहीये हं. फोरकेत २१६० ओळी, सेकंदाला ६० वेळा; म्हणजे एका ओळीच्या वाट्याला आठ मायक्रोसेकंदही येत नाहीत. तेवढ्यात प्रत्येक ठिपका भारून झाला पाहिजे. साध्या अस्फटिक सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन रखडत चालतात, इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडमध्ये, म्हणजेच आयजीझेडओत, साधारण दहापट चपळ. जपानी संशोधक हिदेओ होसोनो यांच्या गटाने २००४ मध्ये असे ट्रान्झिस्टर चक्क लवचीक प्लॅस्टिकवर करून दाखवले. लेसरने वितळवून घडवलेलं पॉलिसिलिकॉन त्याहून वेगवान, पण मोठ्या काचेवर एकसारखं उतरवणं कटकटीचं, म्हणून ते मुख्यतः फोनात.
मला मात्र वेगापेक्षा गळती जास्त आवडते, म्हणजे ऑक्साइडला ती जवळजवळ नसते! ट्रान्झिस्टर बंद केला की प्रवाह झिरपत नाही, ठिपका भार धरून बसतो. चित्र हलत नसेल तर पडदा सारखा ताजा करावा लागत नाही, बॅटरी वाचते. लॅपटॉपला सोनं. ६० हर्ट्झच्या टीव्हीला सिलिकॉन पुरतं.

सोल्डरगन: आणि ऑक्साइडच्या पॅनेललाही टॅब असतातच की!

कोथरूडचे_काका: दाबून पाहिलं. दोन रेघा गेल्या, अंगठा काढला की हजर. तिसरी ढिम्म. सौ. म्हणतात, मालिका संपेपर्यंत धरून उभे राहा.

सोल्डरगन: मग दोन तरी टॅबच्या. तिसरीचं उघडल्यावर कळेल. नवं पॅनेल लावायला कुणी सांगितलं तर आधी बॉन्डिंगचा, म्हणजे टॅब पुन्हा चिकटवण्याचा, भाव विचारा. आणि टीव्ही आणताना उभाच आणा, रिक्षात मांडीवर आडवा नको.