बायकांच्या कथा, उसाचा फड आणि प्रूफवाल्याची लाल रेघ

गंगावेशकर:
स्पष्टच लिहितो. दिवाळी अंक उघडला की 'स्त्रीचा आवाज' म्हणून तीच कथा. फ्लॅट, खिडकी, गार झालेला चहा, नवरा मोबाइलमध्ये, आणि शेवटी बाई दार उघडून बाहेर पडते. कुठं जाते ते लेखिकेलाही ठाऊक नसतं. आता 'विविध आवाज' पाहिजेत म्हणून फ्लॅट जाऊन उसाचा फड आलाय, बाकी सगळं जसंच्या तसं. कथा बरी का वाईट एवढं बघा की. लिहिणारी बाई का गडी, कुठल्या समाजाची, हा हिशेब कशाला?

फडावरची:
'कशाला' विचारलंत, मग ऐका. साहित्य संमेलन 1878 ला सुरू झालं. पहिली बाई अध्यक्ष झाली 1961 ला, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. दिल्लीच्या 98व्या संमेलनापर्यंत ताराबाई भवाळकर धरून एकूण 6. एवढी वर्षं हिशेब कुणाला टोचला नाही, आत्ताच कसा टोचतोय?

आणि फड 'आलाय' कुठं? फडाचं नुसतं चित्र आलंय. एका कथेत नायिका श्रावणात ऊस तोडते. श्रावणात कारखान्याचा बॉयलरसुद्धा पेटलेला नसतो हो! गळीत दसरा-दिवाळीच्या पुढं. त्याच कथेत तिला महिन्याचा 'पगार' मिळतो. तोडणीला पगार नसतो, टनावर मजुरी, तीही आधी घेतलेल्या उचलीतून वळती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल लिहितो नवऱ्याच्या नावावर, राबतात दोघं. साखर बुडख्यात जास्त, म्हणून घाव जमिनीलगत घालायचा, पाचट म्हणजे वाळला पाला काढायचा, शेंड्याचं वाढं छाटायचं, मोळी बांधायची. मग 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. गाडी रात्री दोनला आली तरी तेव्हाच भरायची. पाळी असो नाहीतर ताप, खाडा झाला की दंड. बीडकडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं 2019 ला गाजलं, त्याचं एक मूळ या खाड्यात आहे. कथा खाड्यात आहे, सूर्यास्तात नाही.

गंगावेशकर:
म्हणजे माझंच म्हणणं झालं! माहिती नसेल तर लिहू नये. आणि माहिती असेल तर कुणीही लिहावं. देवीला सोडलेल्या जोगतिणींवरची 'चौंडकं' कादंबरी 1985 ची. लिहिणारे राजन गवस. बाई नव्हेत.

फडावरची:
गवसांनी लिहू नये असं कोण म्हणालं? प्रश्न असा आहे की जोगतिणीनं स्वतः कादंबरी लिहून पाठवली तर तिचं काय होईल.

प्रूफवाली:
काय होईल ते मी सांगते. तुम्ही आशयावर भांडताय, आवाज मरतो टेबलावर.

कोल्हापुरात बाई स्वतःबद्दल 'मी आलो, जेवलो, करालोय' म्हणते. लेखिकेनं तसंच लिहिलं की पहिल्या प्रुफाला लाल रेघ: आलो काट, आले कर. दुसरं प्रूफ दुसऱ्या माणसाकडं, तो निम्मं सोडतो. मग नायिका बाराव्या पानावर 'आलो' आणि चाळिसाव्यावर 'आले'. कुणी शहाणा डीटीपीवाला सगळीकडं एकदम बदल मारतो. मग गावातले पुरुषही 'मी आले' म्हणायला लागतात, आलोकचा आलेक होतो, आलोचनेची आलेचना. वर छपाईसाठी पानं 16-16च्या गठ्ठ्यात, म्हणजे फॉर्मात, बसवायची असतात. दोन पानं जास्त झाली की पहिली कात्री संवादाला, कारण 'बोलीत तेच तेच बोलतात'.

राजारामपुरी:
एक मिनिट. वाचक फक्त कोल्हापुरात नाहीत. विदर्भातला वाचक पहिल्याच ओळीत 'मी आलो' वाचून नायिकेला पुरुष समजणार. प्रमाणभाषा कशाला केली मग? निवेदन प्रमाण, संवाद बोली, हा सरळ नियम आहे.

तांबडा पांढरा:
आले पुण्याचे शिकवायला.

राजारामपुरी:
पुण्याचा नाही, सातव्या गल्लीतला. मुद्द्यावर बोला.

तांबडा पांढरा:
मुद्दा हाच, भावा. कानडीत 'मी'च्या क्रियापदाला बाई-पुरुष भेदच नाही. शेजार कानडीचा, तिथनं आपल्याकडं आलंय. ते अशुद्ध नव्हे.

प्रूफवाली:
कुठनं आलं त्याचा तास इथं नको. राजारामपुरी, तुमची अडचण खरी आहे, तोडगा मात्र आळशी. पहिल्या दहा ओळींत कुणाकडून तरी तिला 'अगं' नाहीतर 'वैनी' म्हणवून घ्या. विदर्भातला वाचक काही बाळ नाही, कळतं त्याला. घोळ उलटाच होतो: 'न्हाई', 'व्हय', 'आवं' अशी अक्षरं पेरायची आणि व्याकरण पुण्याचं ठेवायचं. कानाला ते वगनाट्य लागतं. शब्दांचं लेखन सरळ ठेवा, क्रियापद वाकवू नका.

राजारामपुरी:
'अगं'चं मान्य. 'आळशी' परत घ्या.

प्रूफवाली:
नाही घेत.

गंगावेशकर:
माझा धागा व्याकरणाच्या तासात गेला, धन्यवाद. मूळ प्रश्न राहिलाच.

फडावरची:
राहिला नाही, हाच तो. दलित, भटकी, कष्टकरी बाई लिहायला लागली की तिला पहिला प्रश्न, 'आत्मकथन आहे का?' तिनं साक्ष द्यायची, कल्पना करायची दुसऱ्यांनी. ऊर्मिला पवारांचा 'सहावं बोट' हा कथासंग्रह 1988 चा, 'आयदान' हे आत्मकथन 2003 चं. विचारा कुणालाही, नाव 'आयदान'चंच निघतं. कथाकार म्हणून वाचायचं राहूनच जातं.

गंगावेशकर:
मीही 'आयदान'च वाचलंय. बरं, घ्या, एक गुण तुम्हाला. 'सहावं बोट' शोधतो. पण श्रावणातला ऊस छापणाऱ्या संपादकाला 'विविध आवाज' म्हणून सूट द्यायला मी तयार नाही.

फडावरची:
कोण मागतंय सूट? तुमच्या फ्लॅटवाल्या कथेलाही देऊ नका. तिथंही गॅस कुणाच्या नावावर, भाडं कोण भरतं, बाई बाहेर पडली तर पर्समध्ये किती, हे कधी येत नाही.

राजारामपुरी:
प्रूफवाली, शेवटचं विचारतो. निवेदनातही 'आलो' ठेवणार?

प्रूफवाली:
'मी'नं सांगितलेली कथा असेल तर ठेवायचंच, निवेदन म्हणजे तिचंच बोलणं. 'ती' असेल तर प्रश्नच येत नाही, 'ती आली' कोल्हापुरातही 'आली'च. हस्तलिखितासोबत एक पान वेगळं जोडायचं: कोणतं पात्र 'आलो' म्हणतं, कोणतं 'आले' (पुण्याहून आलेली सून वगैरे), कोणते शब्द हात न लावता ठेवायचे. आणि शेवटचं प्रूफ लेखिकेला दाखवल्याशिवाय छपाईला सोडायचं नाही, हे करारात लिहून घ्यायचं. तोंडी सांगितलेलं प्रेसमध्ये कुणी ऐकत नाही.