विश्वासणाऱ्यांवर पण देवाचा क्रोध येणार का?

प्रश्न: जय ख्रिस्त सगळ्यांना. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणाचा 16 वा अध्याय वाचल्यापासून झोप लागत नाहीये, त्या क्रोधाच्या सात वाट्या, अंगावर फोड, समुद्राचं रक्त, सूर्याने माणसं करपतात, आणि तरी लोक पश्चात्ताप करत नाहीत उलट देवाची निंदा करतात. आपण तेव्हा इथेच असू का?

उत्तर 1: ताई घाबरू नका, 1 थेस्सलनीकाकरांस पत्र 5:9 वाचा, देवाने आपल्याला क्रोधासाठी नाही तर तारणासाठी नेमलंय. त्याआधी रॅप्चर होणार, म्हणजे प्रभू विश्वासणाऱ्यांना वर उचलून घेणार, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) हेच शिकवतात.

उत्तर 2: दादा, वचन खरंय, पण महासंकटाच्या (शेवटच्या काळातल्या मोठ्या संकटाच्या) आधी रॅप्चर ही शिकवण 1830 च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या प्रचारकाने पसरवली, सगळ्या मंडळ्या मानत नाहीत. संकट वेगळं आणि देवाचा क्रोध वेगळा. संकट येईल हे प्रभूने योहान 16:33 मध्ये आधीच सांगितलंय, क्रोध मात्र त्याने क्रूसावर सोसला.

उत्तर 3: आणि कोणी व्हॉट्सॲपवर प्रभूच्या येण्याची तारीख पाठवली तर प्लीज फॉरवर्ड करू नका. अमेरिकेत विल्यम मिलरच्या लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 ला वाट बघितली, काही झालं नाही, कितीजणांचा विश्वास मोडला. मत्तय 24:36 स्पष्ट आहे, तो दिवस कोणालाच ठाऊक नाही. ताई, रात्री 16 नको, प्रकटीकरणाचाच अध्याय 21 वाचा, तिथे देव सगळे अश्रू पुसतो.