'लहान वाक्यं लिहा' हा सल्ला इंग्रजी शिकणाऱ्याचं नुकसान करतो का?

शब्दसांधा

इंग्रजी लिहायला बिचकणाऱ्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात: लहान लहान वाक्यं लिही, म्हणजे चुका होणार नाहीत. मीही तो कित्येकांना दिला आहे. आता तो चुकीचा वाटतो. का, ते मांडते. विरोधी मतं जरूर लिहा.

दुसऱ्यांचे इंग्रजी अहवाल तपासणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात अशा जोड्या सारख्या भेटतात: 'द रिपोर्ट वॉज लेट. इट हॅड नो एरर्स.' दोन्ही वाक्यं बिनचूक. पण लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय? अहवाल करणाऱ्याचं कौतुक करायचंय की त्याला समज द्यायचीय? काही कळत नाही. दोन विटा शेजारी ठेवल्यात, मध्ये चुना नाही.

आता हे बघा. 'ऑल्दो द रिपोर्ट वॉज लेट, इट हॅड नो एरर्स.' हे कौतुक झालं. उशीर झाला खरा, पण काम चोख आहे. उलटं करा: 'ऑल्दो द रिपोर्ट हॅड नो एरर्स, इट वॉज लेट.' ही समज झाली. माहिती तीच, शब्दही जवळपास तेच. बदललं ते इतकंच, की कोणतं वाक्य मुख्य आणि कोणतं गौण. ज्या वाक्याला 'ऑल्दो' लागलं, ते मागच्या बाकावर गेलं.

'ऑल्दो', 'बिकॉज', 'अनलेस', 'व्हाइल', 'अनटिल' हे शब्द आपल्याला 'दोन वाक्यं जोडायचे शब्द' म्हणून शिकवले गेले. माझ्या मते ते लिहिणाऱ्याचा निर्णय सांगणारे शब्द आहेत. लहान वाक्यांच्या सल्ल्याने आपण माणसाला हा निर्णय घ्यायचंच टाळायला शिकवतो.

थेटबोल

मुळीच पटलं नाही. मी यंत्रांच्या वापराच्या सूचना लिहितो. माझं वाक्य चुकलं तर कुणाचा तरी हात यंत्रात जाऊ शकतो, म्हणून या विषयावर मला मनापासून बोलायचंय.

'प्रेस द ग्रीन बटन आफ्टर यू क्लोज द व्हॉल्व्ह.' व्याकरणाने शंभर टक्के बरोबर. पण वाचणारा अर्ध्या वाक्यावरच बटन दाबून मोकळा होतो. डोळे ज्या क्रमाने वाचतात, त्याच क्रमाने हात चालतात. मी लिहितो: 'क्लोज द व्हॉल्व्ह. प्रेस द ग्रीन बटन.' इथे कुठला निर्णय टाळला सांगा. उलट क्रमाची जबाबदारी मी घेतली, वाचणाऱ्यावर टाकली नाही.

दुसरं. तुमचं 'ऑल्दो'चं उदाहरण 'बट' वापरूनही होतं. 'द रिपोर्ट वॉज लेट, बट इट हॅड नो एरर्स.' कौतुक. उलटं करा, समज. 'बट'च्या पुढे जे येतं त्याचंच वजन वाचणाऱ्याच्या मनात राहतं. मग गौण वाक्याचा हा खटाटोप कशाला?

खडूफळा

मी शिकवते, त्यामुळे माझी बाजू वेगळी आहे. शब्दसांधा, तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण ते चुका न करणाऱ्यांसाठी आहे. माझ्या वह्यांत काय असतं ते बघा:

'ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम.'
'व्हेन ही विल कम, आय विल गो.'
'वेट अनटिल ही डझ नॉट कम.'
'डिस्पाइट ही वॉज इल, ही केम.'

चारही चूक, आणि दरवर्षी हीच चार. ज्या मुलाला दोन साधी वाक्यं बिनचूक लिहिता येतात, त्याला आधी तिथे स्थिर होऊ द्या. निर्णय वगैरे पुढचं. शिवाय एका वाक्यात तीन 'व्हिच' आणि दोन 'बिकॉज' कोंबले की इंग्रजी भारदस्त झालं असं समजणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यांना तुमचा सल्ला सापडला तर अवघड आहे.

दुभाषी

खडूफळा, तुमच्या पहिल्या तीन चुका मला ओळखीच्या वाटतात. त्या मराठीतून आल्या आहेत. मुलं इंग्रजी विसरलेली नाहीत, मराठी नीट आठवतायत.

आपल्याकडे 'जरी' आलं की 'तरी' येतंच. 'जर' आलं की 'तर'. जोडीशिवाय वाक्य अर्धवट वाटतं, म्हणून 'ऑल्दो'ला मूल 'बट'ची जोडी शोधून देतं. इंग्रजीला दोनपैकी एकच चालतं. जाता जाता: 'इफ'बरोबर 'देन' आलं तर इंग्रजी खपवून घेते, 'ऑल्दो'बरोबर 'बट' आलं तर नाही.

दुसरी चूक तर गमतीशीर आहे. आपण म्हणतो, 'तो आला की मी निघेन.' येणं भविष्यातलं, पण क्रियापद 'आला'! म्हणजे या जागी भविष्यकाळ नको हे मराठीला ठाऊक आहेच. इंग्रजीलाही इथे 'विल' नको, साधा वर्तमान हवा: 'व्हेन ही कम्स'. 'तो येईल तेव्हा' हे मनात धरून लिहिलं की 'विल' घुसतं. 'आला की' धरून लिहिलं तर निदान थबकायला तरी होतं.

तिसरी: 'तो येत नाही तोपर्यंत थांब.' मराठीत हा 'नाही' चालतो, इंग्रजीत 'अनटिल'नंतर तो अर्थ उलटा करतो. पण मराठीतच दुसरा मार्ग आहे: 'तो येईपर्यंत थांब.' यात नकार नाही. मुलांना आधी मराठी वाक्य असं फिरवायला सांगा, मग 'वेट अनटिल ही कम्स' आपसूक येतं. 'अनलेस'चंही तसंच. 'अभ्यास केला नाहीस तर' धरलं की 'अनलेस यू डोन्ट स्टडी' होतं. 'अभ्यास केल्याशिवाय' धरा. नकार 'शिवाय'च्या पोटात आहे, तसाच तो 'अनलेस'च्या पोटात आहे.

म्हणून 'आधी साधी वाक्यं' या क्रमाशी मी सहमत नाही. चार वर्षांचं मूलही 'आई आल्यावर मी जेवीन' म्हणतं. त्याच्या डोक्यात विचार गुंतागुंतीचाच असतो. इंग्रजीत शिरताना आपण त्याला तो बाहेर काढून ठेवायला लावतो.

नियमपुस्तिका

चौथी चूक राहिली, 'डिस्पाइट'ची. तिथे एक गोष्ट उपयोगी पडेल. 2002 साली हडलस्टन आणि पुलम यांचं इंग्रजीचं मोठं व्याकरण केम्ब्रिजने काढलं. त्यात 'बिकॉज', 'ऑल्दो', 'आफ्टर' वगैरे शब्दांना उभयान्वयी न मानता शब्दयोगींच्या गटात घातलं आहे. शाळेला ते पचणं कठीण, पण कारण साधं आहे: 'आफ्टर द मीटिंग' आणि 'आफ्टर वी मेट', शब्द तोच. एकदा पुढे नाम आलं, एकदा अख्खं वाक्य.

मग शब्दाचं नाव पाठ करण्यापेक्षा त्याच्या पुढे काय बसतं ते लक्षात ठेवा. 'आफ्टर', 'बिफोर', 'सिन्स', 'अनटिल' यांच्यापुढे नाम किंवा वाक्य, दोन्ही चालतं. 'ऑल्दो', 'व्हाइल', 'अनलेस' यांना कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य द्या ('व्हाइल वेटिंग'सारखी आखूड रूपं असतात, ती नंतर). 'डिस्पाइट', 'ड्युअरिंग', 'बिकॉज ऑफ' यांना नाम लागतं. 'डिस्पाइट हिज इलनेस' बरोबर, 'डिस्पाइट ही वॉज इल' चूक.

शब्दसांधा

थेटबोल, यंत्राच्या सूचनेबाबत तुमचं बरोबर आहे, आणि ते मी आनंदाने मान्य करते. कृती एकामागून एक असतील तर दोन वाक्यंच चांगली. पण 'इफ द लाइट टर्न्स रेड, स्टॉप द मशीन' हे कसं तोडाल? 'द लाइट टर्न्स रेड. स्टॉप द मशीन.' अट गेली, नुसता हुकूम उरला. तिथे तुम्हालाही गौण वाक्य लागतंच, आणि ते तुम्ही आधीच ठेवत असणार.

'बट'चा मुद्दा चांगला आहे, त्यावर दोन दिवस विचार केला. फरक असा दिसतो. 'बट'मध्ये वाचणारा पहिलं वाक्य पूर्ण मानून बसतो आणि मग त्याला वळवावं लागतं. 'ऑल्दो' पहिल्या शब्दालाच सांगतो, हे मी मान्य करतेय, माझं म्हणणं पुढे आहे. रागावलेल्या माणसाला उत्तर लिहिताना हा फरक फार मोठा असतो. 'यू आर राइट, बट...' वाचताना तो 'बट'पाशीच दुखावतो.

थेटबोल

'इफ' मान्य. ते मी वापरतो, आणि हो, आधीच ठेवतो. पण बाकीचे शब्द किती निसरडे आहेत ते बघा. 'ही डिड नॉट लीव्ह बिकॉज ही वॉज अँग्री.' तो गेला की नाही? रागावला होता म्हणून तो गेला नाही, असाही अर्थ निघतो. तो गेला, पण रागामुळे नव्हे, असाही निघतो. 'सिन्स'चे दोन अर्थ, 'पासून' आणि 'कारण'. 'व्हाइल'चे दोन, 'असताना' आणि 'उलट'. 'अ‍ॅज' तर विचारूच नका. 'अ‍ॅज ही वॉज लीव्हिंग, शी कॉल्ड.' निघताना फोन केला की निघत होता म्हणून केला? लहान वाक्यांत असले खड्डे नसतात.

शब्दसांधा

या वाक्याचा इलाज गौण वाक्याच्या जागेतच आहे. 'बिकॉज ही वॉज अँग्री, ही डिड नॉट लीव्ह.' कारण पुढे आणलं की एकच अर्थ उरतो. 'गेला, पण रागामुळे नव्हे' हे म्हणायचं असेल तर सरळ लिहा: 'ही लेफ्ट, बट नॉट बिकॉज ही वॉज अँग्री.' 'अ‍ॅज'बद्दल मात्र मी तुमच्या बाजूने. कारण सांगायला मी 'अ‍ॅज' सोडून दिलंय, 'बिकॉज' घेते. वेळेसाठी 'व्हेन' किंवा 'व्हाइल'.

कोरीपाटी

मध्ये बोलते, माफ करा. आम्हाला 'बिकॉज'ने वाक्य सुरू करायचं नाही असं शिकवलं होतं. वर तर 'बिकॉज'नेच सुरू केलंय. मग ते चूक होतं का?

दुभाषी

नियम म्हणून चूक, खबरदारी म्हणून समजण्यासारखं. 'बिकॉज इट वॉज रेनिंग.' एवढं लिहून पूर्णविराम दिला तर ते लेखनात अर्धवट मानतात, कारण मुख्य वाक्य आलंच नाही. मुलं तसं करतात म्हणून कुणीतरी सरसकट बंदी घातली असावी. मुख्य वाक्य पुढे येणार असेल तर 'बिकॉज', 'व्हेन', 'इफ' कशानेही खुशाल सुरुवात करा. गौण वाक्य आधी आलं की त्याच्यामागे स्वल्पविराम द्या. नंतर आलं तर बहुतेक वेळा लागत नाही, मात्र 'व्हेअरअ‍ॅज'सारख्या विरोध दाखवणाऱ्यांच्या आधी देतात.

आणि गौण वाक्याने सुरुवात करून किती ताण देता येतो ते बघायचं असेल तर 1776 चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा बघा. पहिलंच वाक्य 'व्हेन'ने सुरू होतं आणि 71 शब्दांचं आहे. मुख्य वाक्याचा कर्ता येतो 50 शब्द उलटून गेल्यावर. तोवर वाचणारा श्वास धरून असतो. एक राष्ट्र दुसऱ्यापासून वेगळं होतंय, त्याची कारणं जगाला सांगणं भाग आहे, एवढा मोठा विषय. त्याला ते वाक्य पेलतं. रजेच्या अर्जात असं लिहू नये.

थेटबोल

शेवटचं वाक्य माझंच म्हणणं आहे. 71 शब्दांचं वाक्य पेलणारे किती असतात? शिकणाऱ्याने पंचवीसच्या पुढे जाऊच नये असं मी अजूनही सांगेन. पण अहवालाचं उदाहरण डोक्यातून जात नाही. काल एक तक्रारीचं उत्तर लिहीत होतो. 'वी चेक्ड द मशीन. वी फाउंड नो फॉल्ट. वी विल रिप्लेस इट.' तीन वाक्यं. वाचून मलाच प्रश्न पडला, दोष नाही तर बदलून का देतायत? मग लिहिलं: 'ऑल्दो वी फाउंड नो फॉल्ट, वी विल रिप्लेस द मशीन बिकॉज यू हॅव लॉस्ट ट्रस्ट इन इट.' बदलून देण्याचं कारण मी आधी लिहिलंच नव्हतं. 'बिकॉज' लिहायला घेतलं तेव्हा ते शोधावं लागलं.

खडूफळा

मी एक करून पाहिलं. नेहमी आपण 'ऑल्दो वापरून वाक्य पुन्हा लिहा' असं सांगतो, म्हणजे शब्द आपणच देतो. या वेळी शब्द दिला नाही. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, 'शी वॉज अफ्रेड. शी स्पोक.' आणि सांगितलं, हवा तो शब्द घालून जोडा, आणि तुमच्या मनात काय आहे ते मराठीत सांगा.

बहुतेकांनी 'ऑल्दो' घेतलं. ती घाबरली होती तरी बोलली. दोघातिघांनी 'बिकॉज': भीतीपोटीच ती बोलून गेली. एकीने लिहिलं, 'शी वॉज अफ्रेड अनटिल शी स्पोक.' मराठीत म्हणाली, बोलेपर्यंतच भीती होती, बोलल्यावर गेली. एरवी ही मुलगी वर्गात तोंड उघडत नाही.

'ऑल्दो' घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पुढे 'बट' लिहिलंच होतं. ते मी सगळ्यांचं कापलं, आणि पुढच्या तासाला फक्त तेच घेणार आहे.