गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लँकेशायरला प्रो म्हणून जायचंय, क्लबला किती सांगायचं?

रावपुरा_एक्स्प्रेस:

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, राइट आर्म फास्ट मीडियम, बडोद्याकडून रणजी खेळलोय. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर डाव्या गुडघ्याचं एसीएलचं, म्हणजे आतल्या मुख्य लिगामेंटचं, ऑपरेशन झालं, त्या जागी मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट घातलाय. बाउंड्रीवर बॉल अडवायला वळलो, पाय जमिनीत रुतला आणि वरचं अंग फिरलं, कट् असा आवाज मलाच ऐकू आला. घरचा सीझन गेला तो गेलाच.

आता इंग्लंडात लँकेशायरमधल्या एका क्लबची प्रो म्हणून, म्हणजे पैसे घेऊन खेळायची, ऑफर आलीय, एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, राहायला खोली देणार, शनिवार-रविवार मॅच आणि आठवड्यात त्यांच्या पोरांना कोचिंग. पैसे बरे आहेत पण खरं सांगायचं तर पैशासाठी नाही, मला मॅच हवीय, इथे निवड समितीच्या डोळ्यासमोर परत यायला पुढचा सीझन उजाडेल आणि तोवर नेटमध्येच बॉल टाकत बसलो तर मी वेडा होईन.

एजंट म्हणतो गुडघ्याचा विषय काढूच नकोस, फिट आहे एवढंच सांग, ते काही एमआरआय मागणार नाहीत. मला ते पटत नाहीये पण ऑफर हातची जायला नको असंही वाटतं. पळणं चालू आहे, अर्ध्या रनअपने टाकतोय, दुखत नाही. फक्त फुल रनअप घेतला की डावा पाय टेकवायच्या क्षणी मन मागे खेचतं, बॉल शॉर्ट पडतो.

दुसरं म्हणजे मी घराबाहेर कधी एकटा राहिलेलो नाही, टूरवर टीम असते. आई रोज विचारते तिथे तुझा पाय कोण बघणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही. तिकडे खेळून किंवा राहून आलेल्या कोणी सविस्तर सांगितलं तर फार बरं होईल.

जुना_मोतीबाग:

अरे सगळ्यात आधी, क्लबला सांग. एजंटचं ऐकू नकोस, त्याचं कमिशन तू विमानात बसलास की सुटतं.

मी त्या भागात प्रो म्हणून खेळलोय त्यामुळे तिथे प्रो म्हणजे काय ते सांगतो. तुझ्या टीममध्ये एक प्लंबर असेल, एक शाळामास्तर, दोन कॉलेजची पोरं, आणि पैसे घेणारा तू एकटा. म्हणजे नवा बॉल तुझ्याकडे, विकेट पडत नसेल तर मधल्या ओव्हरी तुझ्याकडे, आणि शेवटी मॅच अडकली की पुन्हा तूच, वर बॅटिंगला वरच्या नंबरवर जायचं. पन्नास मारले किंवा पाच विकेट काढल्या की मैदानाभोवती डबा फिरवून तुझ्यासाठी पैसे गोळा करायची जुनी पद्धत आहे, लोक जीव लावतात. पण कॅप्टनला तुझा गुडघा माहीतच नसेल तर तो तुला एका टोकाने टाकायला लावणारच, त्याची काय चूक? आणि मैदानात उभं राहून दमलोय असं प्रोने म्हणायचं नसतं, ते तुझ्याकडूनही होणार नाही. म्हणून ओव्हरींची मर्यादा आधीच कागदावर हवी. एका स्पेलला किती, एका मॅचला किती, शनिवारी टाकलं तर रविवारी टाकायचं की नाही. मी बघितलेले क्लब अशा गोष्टीला नाही म्हणत नाहीत, त्यांना राग येतो तो मे महिन्यात कळलं तर, कारण तेव्हा दुसरा प्रो मिळत नाही.

दुसरी गोष्ट मैदानाची. आपल्या बडोद्याकडचं मोतीबागेचं किंवा कोटंबीचं कडक मैदान डोक्यातून काढून टाक. एप्रिलमध्ये तिथे जमीन ओली, मऊ, बॉलरचा पाय पडतो तिथे खड्डा होतो आणि त्यात लाकडाचा भुसा टाकतात. तुझा डावा पाय त्या भुशात पडणार आणि घसरला तर गुडघ्यावर येणार. लांब स्पाइकचे बूट घेऊन जा, आणि भुसा टाकल्यावर अंपायरसमोर पायाने दाबून बघितल्याशिवाय पळायला सुरुवात करू नकोस, कोणी काही बोलत नाही.

एकटेपणाचं म्हणशील तर शनिवार-रविवार मजेत जातात, सोमवार ते गुरुवार खायला उठतात. सगळे कामावर, बाहेर पाऊस, तू खोलीत. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ला तिथल्याच नेल्सन क्लबला गेला तेव्हा पहिल्या सीझननंतर परत जायच्या गोष्टी करत होता, बायकोने थांबवलं, आणि मग त्याच्या नऊ सीझनांत नेल्सनने सात वेळा लीग जिंकली. आपले विजय हजारे तिथल्या रॉटनस्टॉल क्लबकडून खेळले, कपिल १९८१ ला नेल्सनकडून. एवढ्या मोठ्या माणसांनीही ते रिकामे सोमवार काढलेत. तू पोरांचं कोचिंग घेशीलच, शिवाय मैदान सांभाळणाऱ्या ग्राउंड्समनबरोबर रोज सकाळी रोलर ओढायला जा, गावात ओळखी त्याच्यामुळे होतात आणि पिचही कळतं.

हाडवैद्य_नव्हे_फिजिओ:

मी अलकापुरीत स्पोर्ट्स फिजिओ आहे, एसीएलचे पेशंट रोज बघते, त्यामुळे तारखांचं आधी बोलते. ऑगस्टअखेर ऑपरेशन म्हणजे एप्रिलच्या मध्याला साडेसात महिने होतात, नऊ महिने पूर्ण होतात मेअखेर. ही नऊची रेघ उगाच नाही. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने पुढे ढकलला त्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण निम्म्याने कमी झालं. दुखत नाही यावरून काही ठरत नाही, आत बसवलेली स्नायूबंधाची दोरी लिगामेंटसारखी तयार व्हायला वेळ घेते आणि त्या काळात ती दुखत नसते.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तू उजव्या हाताने टाकतोस म्हणजे डावा पाय तुझा ब्रेक आहे, फास्ट बॉलरच्या पुढच्या पायावर टेकवताना वजनाच्या पाचपटीहून जास्त जोर येतो, आणि ऑपरेशन त्याच पायाचं. शिवाय ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागची ताकद वेगळी मोजायला हवी. निघण्याआधी मशीनवर दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घे आणि एका पायाच्या उड्यांच्या टेस्ट कर, डावा उजव्याच्या ९० टक्के तरी यायला हवा. नाही आला तर प्रश्नच मिटला, तारीख पुढे.

ते मन मागे खेचतं म्हणालास ना, त्याला हलक्यात घेऊ नकोस आणि त्यात लाज वाटून घेण्यासारखंही काही नाही. पाय टेकवायची भीती हा रिहॅबचाच भाग आहे, ती मोजायची वेगळी प्रश्नावली असते, फिजिओकडून भरून घे. भीती असताना जोर लावून टाकलं तर ॲक्शन बदलते आणि मग कंबर धरते.

माझं मत, जा, पण जूनपर्यंत फक्त बॅट्समन म्हणून. स्लिपला उभा राहा, आउटफिल्डला पळून वळायचं नाही. बॉलिंग नेटमध्ये ठरलेल्या ओव्हरींनी वाढव आणि टाकलेल्या ओव्हरींची वही माझ्याकडे किंवा तुझ्या फिजिओकडे दर रविवारी पाठव.

बोल्टनची_मावशी:

बाळा, माहेर माझं दांडिया बाजारचं, इकडे बोल्टनला बरीच वर्षं आहे, मुलगा क्लब क्रिकेट खेळतो म्हणून थोडं माहीत आहे.

व्हिसाचं नीट बघ. पैसे घेऊन खेळायचं तर इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा लागतो, त्याला ईसीबीचं, म्हणजे इथल्या क्रिकेट बोर्डाचं, एंडॉर्समेंट आणि क्लबचं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट पाहिजे. व्हिजिटर व्हिसावर ये, पैसे हातात देऊ, असं कोणी म्हटलं तर स्वच्छ नाही म्हण, पकडला गेलास तर पुढचे दरवाजे बंद. तिकडून बडोदा क्रिकेट असोसिएशनमार्फत बोर्डाची एनओसी तू घेशीलच. लहान मुलांना शिकवायचं म्हणजे इथे पोलीस तपासणी होते, त्यासाठी बडोद्यातून पोलीस क्लिअरन्स काढून आण, नाहीतर इथे आल्यावर आठवडे जातात.

आता आईच्या प्रश्नाचं. सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिसावर हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची आगाऊ फी, भरायची नसते, पण मग हॉस्पिटलचं बिल तुझ्यावर, आणि बाहेरच्यांना ते नेहमीच्या दराच्या दीडपट लावतात. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जायला पैसे नाहीत, कॅज्युअल्टीतही नाहीत, पण ॲडमिट केलं किंवा ऑपरेशन लागलं की मीटर सुरू. म्हणून इन्शुरन्स, आणि त्या फॉर्मवर गुडघ्याचं ऑपरेशन लिहायचंच. लपवलंस तर नेमका गुडघ्याचाच क्लेम नाकारतील. क्लबपासून लपवून इन्शुरन्सला सांगायचं असं काही जमत नाही रे, कागद एकच असतात. आणि फिजिओची नियमित फी कोण भरणार ते क्लबशी आत्ताच बोल, सरकारी फिजिओची रांग लांब असते.

खाण्याची काळजी आईला अजिबात करू नको म्हणावं. बोल्टन, ब्लॅकबर्न, प्रेस्टन, सगळीकडे भरूच-सुरतकडची माणसं आहेत, दुकानात जाऊन गुजरातीत बोललास की काका-मासी करत पिशवी भरून देतील. आपण बडोद्याची मराठी माणसं दोन्ही घरची, त्याचा इथे फार उपयोग होतो. लीलो चिवडा आणि गोडा मसाला मात्र घरून आण. पहिल्या महिन्यात थंडी गुडघ्याला जाणवेल, पाच वाजता मॅचमध्ये हात गारठतात, आत घालायचे थर्मल तिकडून घेण्यापेक्षा इथे घे. तुझं गाव कळलं की सांग, गणपतीला इथे असशील ना, आरतीला ये.

रावपुरा_एक्स्प्रेस:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच क्लबच्या सेक्रेटरीला मेल टाकला, ऑपरेशनची तारीख, ग्राफ्ट, सर्जनचं पत्र सगळं जोडून, आणि लिहिलं की मे अखेरपर्यंत फक्त बॅटिंग, नंतर ठरलेल्या ओव्हरी. त्याचं उत्तर आलं की कमिटीसमोर ठेवतो, पैसे पहिल्या सहा आठवड्यांसाठी कमी करावे लागतील. मला ते चालेल. एजंट चिडलाय, चिडू दे. मावशी, आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं.

ताई, मशीनवरची टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे. पण ९० च्या खाली आलं तर किती थांबायचं?

हाडवैद्य_नव्हे_फिजिओ:

किती खाली येतं त्यावर आहे. ८५ च्या आसपास असेल तर सहा ते आठ आठवडे जड वजनाचं काम आणि पुन्हा टेस्ट, त्यापेक्षा खाली असेल तर तिकीट काढूच नकोस. मांडीच्या पुढचा आणि मागचा आकडा वेगवेगळा मागून घे, काही ठिकाणी एकच देतात. आदल्या दिवशी पाय दमवू नकोस आणि दोन्ही आकडे इथे टाक.