एमडी प्रबंध: मधुमेहाच्या चाचणीत रुग्णसंख्या कमी कशी करता येईल?

दिंडोरीरोड: आरोग्य विद्यापीठाला सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायचाय. नाशिकमधलीच ओपीडी, दोन गट, १२ आठवड्यांनंतरचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टक्केवारी). ०.५ चा फरक पकडायचाय, एसडी (आकड्यांचा पसारा, प्रमाण विचलन) १.२. गाइड सर म्हणतात, ३०-३० पुरे. चालेल का?

पी_व्हॅल्यू: नाही चालणार. ३०-३० वर पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) जेमतेम ३६ टक्के. औषध खरंच चांगलं असलं तरी तीनातल्या दोन वेळा हुकणार. ५ टक्के अल्फा (फरक नसताना तो आहे म्हणण्याची चूक) आणि ८० टक्के पॉवर धरली तर दर गटात १५.७ × (१.२/०.५)², म्हणजे ९१ रुग्ण लागतात. बेसलाइन (सुरुवातीचा) एचबीए१सी कोव्हेरिएट धरून अँकोव्हा केलात, म्हणजे सुरुवातीचा फरक हिशोबात घेऊन गटांची तुलना केलीत, तर हा आकडा (१ − सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांमधल्या सहसंबंधाचा वर्ग) ने गुणा. सहसंबंध ०.६ असेल तर ५९ वर येतो. आधी-नंतरची वजाबाकी करून टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना) लावू नका, सहसंबंध ०.५ च्या खाली गेला की ती नुसत्या शेवटच्या आकड्यापेक्षाही वाईट पडते.

गोदाकाठ: ०.६ हवेतून घेऊ नका, ओपीडीचे जुने केसपेपर काढून बघा. आणि प्रवेशाला एचबीए१सीची ७ ते ९ एवढीच पट्टी ठेवलीत तर सहसंबंध घसरतो, एसडीही बदलते. दोन्ही आकडे त्याच पट्टीतल्या रुग्णांचे हवेत.

रुग्णांची गळती १५ टक्के धरत असाल तर ५९ ला ०.८५ ने भागा: ७०. १.१५ ने गुणून ६८ लिहिणारे सिनॉप्सिस ढिगाने येतात. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडचे मजूर ठरल्या दिवशी यायचे नाहीत, तेव्हा भेटीला आठवडाभर अलीकडे-पलीकडे सवलत प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा.

दिंडोरीरोड: अर्धे रुग्ण झाल्यावर मध्येच निकाल पाहिला तर लवकर थांबता येईल ना?

पी_व्हॅल्यू: दोन्ही वेळा पी-व्हॅल्यूला (फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ ची मर्यादा लावलीत तर अल्फाची चूक ८.३ टक्क्यांवर जाते. ओब्रायन-फ्लेमिंग (मध्येच निकाल पाहण्यासाठीचा कडक निकष) लावलंत तर मध्यावर पी सुमारे ०.००५ च्या खाली लागतो. शिवाय अर्ध्यांचे १२ आठवडे भरेपर्यंत बाकीचे बहुतेक भरती झालेले असतील, मग वाचवणार काय? इथे तो खटाटोप नको.

गोदाकाठ: गट वाटताना ब्लॉक (दोन्ही गट समसमान असलेले चिठ्ठ्यांचे संच) ४ आणि ६ चे मिसळून घ्या. सगळे ४ चे असले आणि गट उघड दिसत असले, की चौथी चिठ्ठी कोणती ते ओपीडीतली सिस्टरसुद्धा सांगते. चिठ्ठ्यांची यादी भरती न करणाऱ्याच्या ताब्यात ठेवा. सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंदणी पहिल्या रुग्णाआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून होत नाही.