कोडिंगच्या आधी मल्टिमीटर शिकवा

हल्ली काही जण म्हणतात की आता प्रत्येक कामगाराने कोडिंग शिकलंच पाहिजे, मला नाही पटत. टू व्हीलरच्या गॅरेजवाल्यांचं बघा ना, एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं आणि नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग) जवळजवळ गेलाच, सेन्सरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं, म्हणजे नुसतं आवाज ऐकून फॉल्ट सांगणारा हात कितीही चांगला असला तरी आता स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला एरर कोड वाचता यायला हवा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोड दिसला की लगेच सेन्सर न बदलता आधी वायरिंग आणि कनेक्टर मल्टिमीटरने (वीज मोजायचं छोटं यंत्र) तपासायची सवय हवी. इलेक्ट्रिक स्कूटरला तर इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, तिथे बॅटरी, कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग), मोटर आणि सेफ्टी हे शिकायला हवं.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचा ट्रेड आहे पण तो दोन वर्षांचा, चाळिशीतला माणूस गॅरेज बंद ठेवून कसा जाणार? आरपीएल (आधीच्या कौशल्याला मान्यता देणारी योजना) मध्ये जुन्या अनुभवाला सर्टिफिकेट मिळतं, चांगलंच आहे, पण नवीन शिकायला संध्याकाळचे छोटे वर्ग हवेत, मराठीतून, आणि ते तालुक्याच्या आयटीआयमध्येच सुरू करावेत असं मला मनापासून वाटतं.